रेषेबाहेरचे संस्थान

घरातले मूल दोन वर्षांचे झाले की त्या घराच्या कारभारात एक नवे खाते उघडते. त्याला रंगखाते म्हणावे. त्याची मंजुरी कोणी मागितलेली नसते, त्याचे अंदाजपत्रक कोणी तयार केलेले नसते. कोणी पाहुणा खाऊच्या पुड्याबरोबर मेणखडूंची एक पेटी ठेवून जातो, आणि त्याच सायंकाळपासून सोफ्याचे अभ्रे, विजेची बिले, जिन्याचा कठडा आणि निजलेल्या आजोबांचा सदरा ही सर्व स्थावरजंगम मालमत्ता त्या खात्याच्या अखत्यारीत येते. पूर्वी या खात्याचा हेतू फार सरळ असे : मुलाने घटकाभर एका जागी बसावे आणि तेवढ्यात त्याच्या आईने पोळ्या आटोपून घ्याव्यात. आता त्या हेतूला शास्त्राचे अधिष्ठान लाभले आहे. चित्र रंगविणे ही निव्वळ करमणूक नसून तो बोटांचा व्यायाम आहे, त्याने हाताच्या सूक्ष्म स्नायूंना बळ येते, नजर आणि हात यांचा मेळ बसतो, आणि पुढे पेन्सिल धरणे, सदऱ्याची बटणे लावणे, बुटाच्या नाड्या बांधणे इत्यादी लौकिक विद्या सुलभ होतात, हे हल्ली बालवाडीच्या पहिल्याच पालकसभेत सांगण्यात येते. आणि ते खरेही आहे. खऱ्या गोष्टीची अडचण एवढीच असते की ती पालकांच्या हाती पडली की तिचा तत्काळ तगादा होतो.

बडोद्यातील कोणत्याही सोसायटीच्या बाकड्यावर सायंकाळी जी सभा भरते, तिच्या कामकाजात एके काळी पाण्याची वेळ, कामवालीच्या रजा आणि रविवारच्या शेवउसळीचा तिखटपणा यांना अग्रक्रम असे. सांप्रत तो मान ‘ग्रिप’ या विषयाकडे गेला आहे. “तुमच्याकडे ग्रिप आली का हो?” असे एक आई दुसरीला, गॅसची टाकी आली का असे विचारावे त्या स्वरात विचारते, दुसरी, खालच्या आवाजात, “अमारो तो हजु मुठ्ठीज वाळे छे,” असे कबूल करते, आणि मग त्या मूठ वळणाऱ्या चिरंजीवाकडे, जे त्या क्षणी मातीचा एक डोंगर दुसऱ्या डोंगरावर उपडा करण्यात निमग्न असतात, सगळी सभा कमालीच्या सहानुभूतीने पाहू लागते. मराठी आज्या या प्रसंगी मौन पाळतात. त्यांच्या मुलांना ग्रिप केव्हा आली हे त्यांना आठवत नाही, आणि न येती तर आज ते सुपुत्र बँकेत सह्या करू शकते ना, एवढे तर्कशास्त्र त्यांना पुरते.

शरीरशास्त्र या बाबतीत पालकांपेक्षा पुष्कळ सावकाश चालणारे आहे. मनुष्याच्या मनगटात आठ लहान अस्थी असतात. परंतु जन्मसमयी त्या आठही केवळ कूर्चेच्या स्वरूपात, म्हणजे कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर जागा मंजूर परंतु रिक्त, अशा अवस्थेत असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांपैकी दोन जागा भरल्या जातात. तिसरी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, चौथी चौथ्या वर्षाच्या आसपास आणि त्यापुढील तीन पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आगेमागे रुजू होतात. आणि सर्वांत लहान, वाटाण्याएवढी अशी जी आठवी अस्थी, ती नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान सवडीने हजर होते. मुलींच्या मनगटात ही भरती मुलांपेक्षा काहीशी लवकर पुरी होते, आणि क्ष-किरणांच्या चित्रात मनगट पाहून मुलाचे वय अजमावण्याची वैद्यकातील वहिवाट याच हजेरीपटावर चालते. तात्पर्य, ज्या तीन वर्षांच्या मुलाने हत्ती रेषेच्या आत रंगवावा असा आपला आग्रह असतो, त्याच्या मनगटाची कचेरी दोनतीन कारकुनांवर कशीबशी चाललेली असते, आणि वरिष्ठ मात्र कामाचा निपटारा का होत नाही म्हणून रोज खुलासा मागत असतात.

अधिकाराची वाटणीही या देहात वरून खाली होते. प्रथम खांद्याला हुकमत मिळते, मग कोपराला, मग मनगटाला आणि सर्वांच्या शेवटी बोटांना. म्हणून दीड वर्षाचे मूल मेणखडू मुठीत आवळून अख्खा हात खांद्यापासून फिरविते. दोनतीन वर्षांचे मूल पाचही बोटे खडूवर पालथी घालून कोपराने रेघा ओढते. साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांची चिमूट जमते, पण ती ताठर असते आणि हालचाल सगळी मनगटाची असते. आणि साडेचार ते सहा या वयात केव्हातरी ती तीन बोटे स्वतः हालू लागतात, आणि लेखन म्हणून जो व्यवहार आपण ओळखतो त्याचा खरा प्रारंभ होतो. मुलाच्या हातून वर्तुळ साधारण तिसऱ्या वर्षी बंद होते, अधिकाचे चिन्ह चौथ्या वर्षी जुळते, त्यानंतर चौकोनाला कोपरे फुटतात आणि त्रिकोणाच्या तिरप्या बाजू पाचव्या वर्षापर्यंत वाट पाहावयास लावतात. या क्रमात कोणाच्याही शिफारसीने बढती मिळत नाही, हे पाहून बडोद्यासारख्या जुन्या संस्थानी शहरातील नागरिकांना विस्मय वाटतो.

आता साहित्याचा विचार करू. चोवीस मेणखडूंची नवी पेटी घरात आली म्हणजे पालकांचा पहिला दंडक असा असतो की एकही खडू मोडता कामा नये, आणि मुलाचा पहिला उद्योग असा असतो की सर्वप्रथम तांबडा खडू मोडावा. या वादात शास्त्राने निकाल मुलाच्या बाजूने दिलेला आहे. लांब खडू मुठीत मावतो, म्हणून मूठ सुटत नाही. बोटभरही न उरलेला तुकडा मुठीत धरताच येत नाही, त्याला अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांच्या स्वाधीन व्हावेच लागते. बोटांना वळण लावण्यासाठी जे तज्ज्ञ मुलांवर उपचार करतात, ते मुद्दाम खडूचे तुकडे करून देतात आणि त्याबद्दल रीतसर शुल्क आकारतात. एकत्र कुटुंबात चौथ्या क्रमांकाने जन्मलेल्या मुलाला थोरल्या तिघांनी वापरून उरलेले तुकडे मिळत, तो ते कुरकुरत घेई, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना सर्वोत्तम साधन त्याच्या वाट्याला येई.

भिंतीचेही तसेच आहे. कागद मेजावर आडवा असला म्हणजे मनगट खाली वाकते; तोच उभ्या पृष्ठावर लावला की मनगट मागे वळते, बोटांना बळ मिळते आणि खांद्याचीही कसरत होते. अर्थात, जे मूल सहा रंगवह्या बाजूला सारून बैठकीच्या भिंतीकडे वळते, त्याने शरीरशास्त्राचा सिद्धांत स्वानुभवाने गाठलेला असतो. शिवाय बडोद्यात भिंती रंगविण्याची परंपरा काही आजची नव्हे. रावपुऱ्याकडील तांबेकर वाड्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकात पुराणकथांनी आणि लढायांनी भरून गेल्या, आणि आज पुरातत्त्व खाते त्या वाड्याचे रक्षण करते. कीर्तिमंदिराच्या भिंती रंगविण्यासाठी महाराजा सयाजीराव गायकवाडांनी प्रत्यक्ष नंदलाल बोस यांना पाचारण केले. परंतु नातवाने दिवाणखान्यात दोन हात रुंदीची, विषय अनिश्चित परंतु आवेश निश्चित, अशी एक हिरवी रचना सिद्ध केली की घरात पंचनामा होतो, मुद्देमाल जप्त होतो आणि दिवाळीच्या आत चुन्याचा हात फिरतो. याच शहरात १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जरांच्या देखरेखीखाली रंग पक्के कसे होतील याची विद्या शिकविली जात असे. त्या विद्येचा एवढा प्रसार पुढे सोफ्याच्या अभ्र्यांपर्यंत होईल याची त्या थोर रसायनज्ञांना कल्पना नसावी.

परंतु या सगळ्या प्रकरणातील मूळ तंटा हा हद्दीचा आहे. “बाळ, रेषेच्या बाहेर जायचं नाही हं,” हे वाक्य ज्या सहजतेने आपल्या मुखातून बाहेर पडते, ती सहजता पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकरीतून आलेली आहे. बडोद्यातील मराठी माणूस मुख्यत्वे गायकवाडांच्या मागोमाग इकडे आला तो शिपाईगिरीला आणि कारकुनीला. शिपायांनी मुलूख जिंकला आणि कारकुनांनी त्याच्या चतुःसीमा लिहून काढल्या. त्या कारकुनांच्या वंशजांना रंगवहीतील पोपटाच्या शेपटीबाहेर गेलेला हिरवा रंग हा साहजिकच शेजाऱ्याच्या गटात घुसलेल्या कुंपणासारखा भासतो. हाताने रंगविण्याचा प्रयत्न केला, खडूवर दाब दिला, थांबला, पुन्हा वळला, ही सर्व कामगिरी दप्तरी दाखल होत नाही. नोंद होते ती फक्त अतिक्रमणाची.

अशा हद्दनिष्ठ मंडळींनी जुन्या बडोदे संस्थानचा नकाशा एकवार भिंतीवर लावून शांतपणे पाहावा. सुमारे आठ हजार चौरस मैलांचे हे राज्य सलग असे कोठेच नव्हते. एक ठिपका बडोद्याभोवती, दुसरा उत्तरेस कडीकडे, तिसरा दक्षिणेस नवसारीजवळ, चौथा काठेवाडात अमरेलीला आणि पाचवा थेट समुद्रकाठी द्वारकेच्या ओखामंडळात. मध्ये इंग्रजांचा मुलूख, इतर राजेरजवाड्यांच्या जहागिरी, आणि त्यांच्याही पोटात पुन्हा गायकवाडी गावांचे शिंतोडे. एखाद्या अडीच वर्षांच्या मुलाने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पिवळा खडू मनमुराद फिरवावा, आणि इंग्रज सर्वेक्षकांनी नंतर त्याच्या कडांची अदबीने मोजणी करावी, असे त्याचे रूप होते. तरीही या रेषेबाहेरच्या राज्यात १८९३ साली अमरेलीच्या भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ साली ती सक्ती सर्व संस्थानभर लागू झाली, गावोगाव वाचनालये उघडली. आणि १ मे १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा त्याच्या कडा सुबक नव्हत्या अशी तक्रार कोणी नोंदविल्याचे ऐकिवात नाही.

ही सक्ती फर्माविणारे सयाजीराव स्वतः बारा वर्षांचे होईपर्यंत निरक्षर होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून १८७५ साली दत्तक येईतो त्यांनी रंगवही पाहिलेली असण्याचा संभव नाही. परंतु शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाचे हात काय रिकामे असतात? दोर वळणे, गाठ मारणे, सोलणे, निवडणे, गुरांमागे धावता धावता गोफण फिरविणे, अशा ज्या विद्यापीठात खेड्यातले मूल दाखल होते तेथे बोटांना सुटी नसते. पुढे त्या हाताने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे लेखन आत्मसात केले, आणि एका संस्थानचा कारभार सहीनिशी चालविला. ग्रिप उशिरा आली म्हणून कोणाचे राज्य गेले नाही.

रेषेच्या आत रंग भरण्याचा अभ्यास ज्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला, त्या मारिया मोंतेस्सोरीबाईंनाही ही घाई मान्य नव्हती. त्यांच्या साहित्यात धातूच्या चौकटी असतात. मुलाने चौकटीच्या आधाराने आकृती काढावी आणि ती रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरावी, म्हणजे अक्षराचे नाव न काढता हात अक्षरासाठी तयार होतो. परंतु आरंभी रेघा बाहेर जाणारच, आणि सरावाने त्या आपोआप आत येतील, हे त्यांनी गृहीतच धरले होते. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. तथापि त्यांच्या विचारांचे बी गुजरातच्या भूमीत त्याआधीच पडले होते. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले, आणि पुढे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनी तोच विचार बोर्डी आणि कोसबाड येथे नेऊन महागड्या परदेशी साहित्याची जागा भोवतालची माती, पाने, बिया आणि शंखशिंपले यांना दिली. हातास काम पाहिजे, ते काम कोणत्या मुलखातून आले हे बोटे विचारीत नाहीत, एवढा तो साधा सिद्धांत होता.

ताराबाईंनी जे अंगणात मांडले ते मराठी स्वयंपाकघरात, कोणतेही तत्त्वज्ञान पाठीशी नसताना, आधीपासून चाललेलेच होते. आजीच्या शेजारी बसून वाती वळणे, वाटाणे सोलणे, परडीतली फुले निवडून ओवणे, लग्नघरात नखाएवढे गव्हले करणे, हे सर्व अंगठा आणि तर्जनी यांचे अभ्यासवर्ग होत, आणि रांगोळी ही तर त्यातली शेवटची परीक्षा. चिमटीतून पूड किती सोडावी, केव्हा आवळावी, एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात कोठे सैल करावा, याचे शिक्षण ज्या बोटांना मिळाले त्यांना पेन्सिल ही अवजड वस्तू वाटली पाहिजे. आता वाती पाकिटातून येतात, वाटाणे सोललेले येतात, रांगोळीची जागा चिकटविण्याच्या तयार पट्टीने घेतली आहे. आणि या सर्व कामांतून मुक्त झालेल्या बोटांना कामाला लावण्यासाठी मणी, चिमटे आणि दोऱ्या भरलेली एक रंगीत पेटी आपण पैसे मोजून घरपोच मागवितो. मूल त्या पेटीचे खोके घेऊन खेळते.

यावर काहींनी मोबाइलचा उपाय शोधला आहे. त्याच्या पडद्यावर हत्तीचे चित्र येते, मूल एक बोट टेकविते, आणि हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत एका निमिषात जांभळा होतो. रंगाचा एक थेंबही रेषेबाहेर जात नाही. हद्दरक्षकांचे स्वप्न अशा रीतीने पूर्णत्वास पोचले आहे, फक्त त्या व्यवहारात हाताला काही करावे लागले नाही. कागदाचा खरखरीतपणा नाही, मेणाचा अडथळा नाही, दाब कमीजास्त करण्याचे कारण नाही, मोडण्यासारखे काही नाही. रेषा शाबूत राहिली, आणि ज्यासाठी रेषा आखली होती ती बोटे होती तेथेच राहिली.

या विचारसरणीचा परिपाक पाहावयाचा असेल तर गणेशोत्सवातील एखाद्या मंडळाची रंगभरण स्पर्धा पाहावी. दांडियाबाजाराच्या परिसरातील एका मंडपात असा सोहळा पाहण्याचे भाग्य मला लाभले. पाच वर्षांखालील गटाला गणपतीचे छापील चित्र, प्रत्येकाला एक पुठ्ठा, आणि पालकांनी दोरीच्या पलीकडे उभे राहावे अशी ध्वनिक्षेपकावरून वारंवार विनंती. दोरीच्या पलीकडून विनायकाच्या रंगसंगतीचे दिग्दर्शन चालले होते. “पितांबर पिवळं, पिवळं!” “सोंडेला हात लावू नकोस, ती शेवटी!” “अरे, उंदीर रही गयो!” एका बालकाने मिळालेला सर्व वेळ मोदकावर खर्च केला आणि तो इतक्या जोराने रंगविला की मोदकाच्या जागी कागदाला भोक पडले, त्याचे वडील दोरी ओलांडण्याच्या बेतात होते, परंतु स्वयंसेवकांनी त्यांना वेळीच आवरले. काही पालकांना मात्र ती दोरी नडली नसावी, कारण जमा झालेल्या कागदांत दोनचार गणपती असे देखणे निघाले की त्यांच्या मुकुटावर छायाप्रकाशही होता. परीक्षक होते एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी प्रत्येक कागद उलटा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरविले, कारण खडूवरचा दाब पुढून लपतो पण मागून लपत नाही. छायाप्रकाशवाल्या एका गणपतीपाशी ते थांबले, चष्मा कपाळावर नेला आणि कार्यवाहांना हळूच म्हणाले, “चित्र उत्तम आहे हो. पण या मुलाच्या मनगटाच्या आठही जागा भरलेल्या दिसतात.” मोदकवाल्या कागदाच्या पाठीवर नांगरलेल्या शेताएवढ्या सऱ्या उमटल्या होत्या, त्याला उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली, आणि ती त्याने व्यासपीठावरच उघडून त्यातले कर्कटक वडिलांच्या हवाली केले.

ज्या शहरात चि. वि. जोशी यांनी संस्थानचे दफ्तर सांभाळून विनोद लिहिला, त्या शहरात दफ्तर आणि विनोद यांचे वैर मानण्याचे कारण नाही. म्हणून, संस्थान उरले नसले तरी संस्थानी शिरस्त्यास अनुसरून, एक हुकूम येथे नमूद करून ठेवतो.

बडोदे शहरातील व तेथून कामधंद्यानिमित्त अन्यत्र गेलेल्या तमाम आई, बाबा, आजी, आजोबा, मामा व मावश्या यांस कळविण्यात येते की : कलम पहिले, मेणखडू मोडल्यास तो नादुरुस्त झाला असे न समजता वापरण्यास योग्य झाला असे समजावे. कलम दुसरे, घरातील एका भिंतीचा, मुलाचा हात पोचेल तेथवरचा भाग, कागद डकवून अगर न डकविता, मुलास इनाम तोडून द्यावा व त्यावर कोणी सारा मागू नये. कलम तिसरे, मूल सहा वर्षांचे होईतो रेषेबाहेरील रंगास अतिक्रमण न म्हणता वहिवाट म्हणावे. कलम चौथे, हत्तीच्या रंगासंबंधी खुलासा मागण्यात येऊ नये. मागितल्यास तो मिळेल, परंतु फार लांबेल. कलम पाचवे, आठवड्यातून काही वेळा खडूंऐवजी वाटाणे, वाती वा रांगोळी मुलाच्या स्वाधीन करावी व होणाऱ्या सांडलवंडीची तूट मोठ्या माणसांनी झाडून भरून काढावी. कलम सहावे व शेवटचे, ज्या कोणास हा हुकूम मान्य नसेल त्याने आपली हरकत लेखी द्यावी. मात्र ती उजव्या हाताच्या इसमाने डाव्या हाताने व डावखुऱ्याने उजव्या हाताने, मूठ वळून धरलेल्या मेणखडूने, रंगवहीतील हत्तीच्या सोंडेत, एकही काना-मात्रा सोंडेबाहेर न जाईल अशा बेताने लिहिलेली असावी. अन्यथा अर्ज दाखल करून घेतला जाणार नाही.